जुना डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल: दुरुस्त करून ठेवायचा की नवा घ्यायचा?

घरात टेक्निक्सचा एसएल-१२००एमके२ (पुढे नुसता एमके२) हा डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आहे, म्हणजे पट्ट्याविना थेट मोटरीवर फिरणारा रेकॉर्ड प्लेयर. चालतो, पण मध्येच एका बाजूचा आवाज जातो, वेग हलल्यासारखा वाटतो, 'स' आणि 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात. तो विकून नवा घ्यावा की त्याच्यावरच थोडा खर्च करावा, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर आधीच देऊन टाकतो. मोटर आणि टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांडीची) बेअरिंग शाबूत असतील तर एमके२ विकू नका. पैसे सुईवर, तारांवर आणि जुळणीवर घाला. बदलायला सबळ कारणं तीनच: आर्मची बेअरिंग ठोकर खाऊन गेली आहेत, मोटर चालवणारी आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) जळली आहे, किंवा तुमच्याकडे ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत आणि त्या वाजवायच्या आहेत (यातही एमके२ ठेवून जोडीला दुसरा घेता येतो). बाकीची कारणं हौसेची. हौसेला मोल नसतं, पण तिला आवाजातली सुधारणा समजू नये.

मोटर: जुनं खरंच जुनं झालंय का?

एमके२ बाजारात आला १९७९ साली. त्याच्या प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकाच्या, पोटाला गोल चुंबक बसवलेलं असतं आणि खाली तारांची वेटोळी. म्हणजे प्लॅटर हाच मोटरचा फिरता भाग. पट्टा नाही, दातेरी चाक नाही, झिजायला मधला दांडा तेवढा. वेग क्वार्ट्झ क्रिस्टलशी बांधलेला, त्यामुळे आपल्याकडच्या वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजचा किंवा ५०-६० हर्ट्झच्या फरकाचा वेगावर परिणाम होत नाही.

आकडे समोरासमोर ठेवून पाहा. वॉव-फ्लटर, म्हणजे वेगातली थरथर, एमके२ची ०.०२५ टक्के. २०१९ मध्ये आलेल्या एसएल-१२००एमके७चीही ०.०२५ टक्केच. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्स, जो 'तसाच दिसतो' म्हणून लोक घ्यायला निघतात, त्याच्या माहितीपत्रकात हाच आकडा ०.२ टक्क्यांपेक्षा कमी, एवढाच दिलेला आहे. टॉर्क, म्हणजे प्लॅटर फिरवण्याचा जोर, एमके२चा १.५ किलो-सेंटीमीटर, एमके७चा १.८, एलपी१२०एक्सचा १ च्या थोडा वर. एलपी१२०एक्स वाईट नाही. पहिला टर्नटेबल म्हणून चांगला आहे, आत फोनो प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आहे, ७८चा वेग आहे, संगणकाला जोडता येतो. पण चालू स्थितीतला एमके२ देऊन तो घेणं म्हणजे मोटरीत आणि आर्ममध्ये एक पायरी खाली उतरणं आहे.

निर्णयाआधीची तपासणी

यासाठी अर्धा तास आणि एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

आर्मपासून सुरुवात करा. अँटिस्केट (आर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारी सोय) शून्यावर ठेवा आणि मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असं करा. आता हलकी फुंकर मारा. आर्म सहज सरकून सावकाश थांबला पाहिजे. दर वेळी एकाच जागी अडखळला किंवा आपोआप एकाच बाजूला ओढला जाऊ लागला, तर बेअरिंगमध्ये घाण आहे, बेअरिंग जास्त आवळलेली आहेत, नाहीतर आतल्या बारीक तारा पिळल्या आहेत. मग हेडशेल (आर्मच्या टोकाचा सुई बसवलेला भाग) दोन बोटांत धरून अगदी हलक्या हाताने पुढे-मागे आणि वर-खाली हलवा. 'टिक' असं जाणवलं तर बेअरिंग सैल आहेत. थोडी ढिलाई टोकदार स्क्रू आणि त्यावरचा लॉकनट जुळवून काढता येते. मात्र ते काम हात बसलेल्या माणसाचंच, कारण पाव वळसा जास्त आवळला की छर्ऱ्यांचे डाग बेअरिंगच्या वाटीत कायमचे उमटतात. आर्म कधी जोरात आपटलेला असेल तर जुळवाजुळवीत वेळ घालवू नका. पूर्ण आर्म बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकल्यावरच नव्या यंत्राचा हिशोब मांडायला सुरुवात करावी.

आता वेग. प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी असतात. पिच (वेग कमी-जास्त करायची सरकती पट्टी) शून्यावर असताना त्यातली मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसली पाहिजे. खोलीत ट्यूबलाइट असेल तर ती बंद करूनच पाहा. ठिपक्यांवर पडणारा स्ट्रोबचा दिवा क्वार्ट्झवर चालतो आणि ट्यूब घरच्या विजेवर. दोघांचा ताल जुळत नाही आणि ठिपके सरकल्याचा भास होतो. पण स्ट्रोबचाही आधार तोच क्रिस्टल असल्यामुळे खात्रीसाठी ३१५० हर्ट्झची चाचणी रेकॉर्ड लावून फोनवरच्या ॲपने मोजणं बरं. पिचची पट्टी शून्याच्या आसपास हलवताना वेग उड्या मारत असेल तर दोष बहुतेक त्या पट्टीतच असतो, मोटरीत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या यंत्रात हे हमखास सापडतं. आधी इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा काँटॅक्ट क्लीनर मारून पट्टी पाच-पन्नास वेळा वर-खाली करा. नाहीच जमलं तर पूर्ण पट्टी बदला. सुटा भाग अजून मिळतो.

प्लॅटर मुळीच फिरत नसेल, किंवा झटके देत एकाच बाजूला जोर लावत असेल, तर मामला गंभीर. मोटर चालवणारी एएन६६७५ आणि तिच्या जोडीची एएन६६८० या आयसींचं उत्पादन बंद झालेलं आहे. बाजारात त्या नावाने मिळणाऱ्यांत नकली माल भरपूर आहे. आयसी बदलण्याआधी वीजपुरवठ्याचे कपॅसिटर आणि बोर्डावरचे सोल्डरचे जोड पाहून घ्यावेत, कारण बऱ्याचदा खरं दुखणं तिथेच असतं. ते ठीक असूनही मोटर चालत नसेल आणि खात्रीची आयसी हाताशी नसेल, तर बदलण्याच्या बाजूने कौल.

एक बाजू जाते तेव्हा

सगळ्यात जास्त एमके२ याच तक्रारीपायी विकले जातात, आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त हिचीच. अँपच्या मागे डावी-उजवी पिन अदलाबदल करा. मुका स्पीकर बदलला नाही तर दोष अँप किंवा स्पीकरकडे आहे. बदलला, तर दोष टर्नटेबलकडे. मग हेडशेलमधल्या तारा पाहा: पांढरी डावी, निळी डावीची ग्राउंड, लाल उजवी, हिरवी उजवीची ग्राउंड. पांढरी-निळी आणि लाल-हिरवी या जोड्या आपसात बदलून लावल्यावर मुकी बाजू बदलली, तर कार्ट्रिज (सुईचं कंपन विजेत बदलणारा भाग) गेलंय. नाही बदलली तर दोष कार्ट्रिजच्या पुढे, म्हणजे हेडशेलचा जोड किंवा केबल यांत आहे.

हेडशेलच्या मागच्या चार टाचण्या आणि आर्मच्या तोंडातल्या चार टाचण्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अर्ध्या तक्रारी एवढ्यावरच मिटतात. उरलेल्यांत दोष असतो आर्मखालच्या छोट्या बोर्डावर, जिथे बाहेर जाणारी केबल सोल्डर केलेली असते. यंत्र उलटं करून पाय काढायचे, खालचं जड रबरी बूड बरेच स्क्रू काढून उतरवायचं, बोर्डावर नवी केबल डाग द्यायची. केबल कमी कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची) आणि जेमतेम लागेल तेवढीच लांब घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजला केबल आणि प्रीअँप मिळून १०० ते २०० पिकोफॅरड चालतात. लांबलचक जाड 'हाय-फाय' केबलने हा आकडा फुगतो आणि वरचे सूर टोचायला लागतात. केबल बदललीत तर ग्राउंडची वेगळी तार नीट जोडा. जुन्या इमारतीत भिंतीच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर गुणगुण येते आणि दोष उगाच टर्नटेबलवर जातो.

दांड्याला तेल टेक्निक्सनेच सांगितलं आहे: साधारण २००० तास वाजवल्यावर दोन-तीन थेंब. स्वच्छ, पातळ खनिज तेल. ग्रीस नको, गंज काढायचे स्प्रे नकोत आणि खोबरेल तर मुळीच नको. ते थंडीत गोठतं.

पैसे कुठे घातले की ऐकू येतं

सुईवर. बाकी सगळं नंतर. ऑडिओ-टेक्निकाच्या स्वतःच्या आकड्यांनुसार अंडाकृती सुई साधारण ३०० तास, साधी गोल ५०० आणि मायक्रोलिनियर (बारीक धारेची) १००० तास टिकते. रोज तासभर ऐकलं तर अंडाकृती सुई वर्षभरातच संपते, आणि बऱ्याच घरांत तीच सुई दहा वर्षं फिरत असते. 'स' फाटतो तो तिच्यामुळे. झिजलेली सुई खाचासुद्धा खराब करते, म्हणून ती बदलल्याशिवाय नव्या टर्नटेबलचा विचारही नको.

एमके२च्या आर्मचं परिणामी वस्तुमान, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं वजन, साधारण १२ ग्रॅम आहे. त्याला मध्यम कडकपणाची कार्ट्रिज जुळतात. एटी-व्हीएम९५ मालिका इथे फार सोयीची पडते: अंग एकच आणि त्यावर सुया बदलता येतात. व्हीएम९५ई वापरात असेल आणि मायक्रोलिनियर हवी असेल तर फक्त सुई ओढून काढायची, एमएल सुई बसवायची. दाब दोघींना २ ग्रॅमच. फरक बाजू संपताना, म्हणजे लेबलजवळच्या गाण्यांत, लगेच कळतो. डेनॉनचं डीएल-१०३ घ्यायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, ते ०.३ मिलिव्होल्ट देतं. त्याला मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी वेटोळं हलणाऱ्या) कार्ट्रिजचा प्रीअँप लागेल आणि तो खर्च वेगळा.

कार्ट्रिज बसवताना टेक्निक्सचं माप सोपं आहे: हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. आर्मची उंची अशी ठेवा की सुई रेकॉर्डवर असताना आर्मची नळी रेकॉर्डला समांतर दिसेल. उंचीची कडी वर्षानुवर्षं न हलवल्यामुळे घट्ट बसलेली असते. जोर लावू नका, आधी बाजूची लॉकची कळ सोडली आहे का ते पाहा.

बाहेरचा वीजपुरवठा, महागडं मॅट, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना हे सगळं यानंतर. खरं सांगायचं तर बहुतेकांना त्याची गरजच पडणार नाही.

७८ असतील तर चित्र बदलतं

नाट्यसंगीताच्या जुन्या लाखेच्या तबकड्या ज्या घरात आहेत तिथे एमके२ची बाजू लंगडी पडते. त्याला ३३ आणि ४५ एवढेच वेग. पिच ८ टक्के वाढवलं तरी ४५ चे ४८.६ होतात, ७८ फार लांब राहिले. जपानसाठी काढलेल्या एमके४मध्ये ७८ होता, पण तो १०० व्होल्टचा.

एमके७मध्ये ३३ आणि ४५ ची बटणं एकत्र दाबली की ७८ मिळतो, आणि पिच १६ टक्क्यांपर्यंत वर-खाली करता येतं. लाखेच्या तबकड्यांसाठी पिचची ही सोय चैन नव्हे, गरज आहे. जुनी ध्वनिमुद्रणं नेमक्या ७८ वरच झालेली असतात असं नाही. ७६ वर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर अर्ध्या स्वरांतराच्या जवळपास निम्म्याने, म्हणजे ४५ सेंट (अर्ध्या स्वरांतराचे १०० सेंट) चढतो. गाणाऱ्याची पट्टी ठाऊक असलेल्याला ते लगेच खटकतं. म्हणूनच एसएल-१५००सी, जो फक्त ऐकणाऱ्यांसाठी चांगला आहे (आत फोनो प्रीअँप, बाजू संपली की आर्म आपोआप उचलला जातो, सोबत ऑर्टोफोन २एम रेड), तो इथे मागे पडतो: ७८ आहे, पण पिचची पट्टीच नाही. एलपी१२०एक्समध्ये दोन्ही आहेत आणि किंमत एमके७च्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी. एलपीसाठी एमके२ आणि ७८ साठी एलपी१२०एक्स अशी जोडी ठेवणं हा एमके७ घेण्यापेक्षा स्वस्त आणि आमच्या मते जास्त शहाणपणाचा मार्ग.

मात्र ७८ला एलपीची सुई लावू नका. लाखेची खाच रुंद असते, तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनची गोल सुई लागते. एलपीची सुई तळाच्या धुळीत घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. व्हीएम९५एसपी किंवा ऑर्टोफोन २एम ७८ यासाठीच आहेत.

जपान किंवा आखातातून आलेलं यंत्र

यंत्राच्या मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. १०० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं की ट्रान्सफॉर्मर जळतो. बाजारात सर्रास मिळणारा ११० व्होल्टचा स्टेप-डाउन त्याला बरोबर नाही; १०० व्होल्टचाच मागा. यंत्र जेमतेम १३-१४ वॉट खातं, त्यामुळे ५० व्हीएचा पुरे. तो टर्नटेबलपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर कार्ट्रिज त्याची गुणगुण उचलतं.

जुनं यंत्र कुरिअरने मागवत असाल तर विकणाऱ्याला चार गोष्टी बजावून सांगा: प्लॅटर उचलून वेगळा गुंडाळायचा, मागचं वजन आणि हेडशेल काढायचं, आर्म त्याच्या टेकूला बांधायचा, आणि खोक्यात खोकं ठेवायचं. प्लॅटर वर ठेवूनच पाठवलेल्या यंत्राचा दांडा प्रवासात मार खातो, आणि मग वर दिलेल्या सगळ्या तपासण्या पास झालेलं यंत्रही घरी पोचेपर्यंत नापास होतं.