आलुबुखारचा जॅम: बिया आधी काढाव्यात की शिजवल्यावर?

जूनमध्ये हातगाडीवर येणारा लाल आलुबुखार आपल्याकडे बहुतेक हिमाचलचा असतो, सांता रोझा जातीचा. त्याचा गर बियेला धरून बसलेला. मधून चीर देऊन पिळला तरी जर्दाळूसारखा उघडत नाही, नुसता चेंदा होतो. म्हणून जॅमला हात घालायच्या आधीच ठरवावं लागतं: कच्च्यातच बी काढायची, की अख्खं फळ शिजवून मग?

अख्खं शिजवण्याची बाजू तशी मजबूत आहे. सुरी लागत नाही. 1 किलो फळ धुऊन जाड बुडाच्या स्टीलच्या गंजात टाकायचं, अर्धी वाटी पाणी, झाकण, मंद आच. पंधरा-वीस मिनिटांत सालं फाटतात, गर सुटतो आणि बियेला काही चिकटून राहत नाही. फळ फार पिकून लिबलिबीत झालं असेल तर हाच मार्ग सोयीचा, कारण असं फळ सुरीखाली टिकत नाही. काही जण हा शिजलेला गर पुरणाच्या चाळणीवर घासतात. बिया वर राहतात, पण निम्मी सालंही वरच राहतात. रंग, आंबटपणा आणि जॅम धरून ठेवणारं पेक्टिन यांचा मोठा वाटा सालीतच असतो. चाळलेला जॅम दिसायला गुळगुळीत होतो, चवीला जरा गुळमट लागतो. पुरणयंत्रात मात्र बियांसकट घालू नका, पातं अडकतं. मिक्सर तर नकोच; फुटलेल्या बियेतला गर कडू असतो आणि पोटात जाऊ नये असाच असतो.

न चाळता झाऱ्याने बिया वेचायच्या म्हटलं, की माझं घोडं अडतं. किलोत वीस-बावीस फळं येतात. शिजल्यावर बी गराच्याच रंगाची होते, सालीच्या गुंडाळीत लपते. बावीस फळं मोजून टाकावीत, एकवीस बिया निघाव्यात, आणि बाविसावीसाठी गंज ढवळत उभं राहावं. तोवर तळ लागायला लागतो आणि गराचे चटके मनगटावर उडतात. आच बंद करून शोधली तरी ती सापडेपर्यंत चैन नाही, कारण न सापडलेली बी पोळीच्या गुंडाळीतून पोराच्या डब्यात जाणार आणि दाताखाली येणार. मोजण्यात चूक झाली होती की बी खरंच आत आहे, हे तर कळतच नाही. दुसऱ्या कुणाला याचा एवढा त्रास होत नसेलही.

कच्चं कापताना मेहनत आधी होते, पण संपते. फळ पिळायचं नाही. आंब्याचे गाल कापतो तसे बियेच्या दोन्ही बाजूंनी दोन गाल आणि कडेच्या दोन फाका काढायच्या. किलोला अर्धा तास धरा. खाली परात ठेवा, रस वाया जात नाही. डाग कपड्यावरून सहज निघत नाहीत, एवढं लक्षात असू द्या. बियेला चिकटलेला गर फुकट जातो ही तक्रार खरी, पण तिला उपाय आहे: त्या बिया 100 मिली पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळून घ्या आणि तेच पाणी जॅमला वापरा.

पुढचं दोन्हीकडे जवळपास सारखंच. 1 किलो कापलेल्या फोडींना 750 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. फळात चौथा हिस्सा कडक, अर्धवट पिकलेला असावा. पेक्टिन त्यात जास्त असतं. साल बोटाने चिरडेपर्यंत साखर घालू नका, नाहीतर साल चामट होते ती कायमची. साखर मंद आचेवर पूर्ण विरघळली की आच मोठी करा. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळी भांडं आंबटाला चालत नाही.

उतरवायचा क्षण ठरवायला रिकाम्या गंजाचं वजन आधी लिहून ठेवावं. आतला ऐवज 1300 ग्रॅमच्या आसपास आला की जॅम झाला. थर्मामीटर असेल तर 104 अंशाला थांबा. पुस्तकातला 105 समुद्रसपाटीचा असतो, आपलं जळगाव-धुळं 200-250 मीटरवर आहे. फ्रीजमधल्या ताटलीवर थेंब टाकून बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली पाहिजे. त्याआधी उतरवलेला जॅम पातळ राहतो आणि आपल्या उन्हाळ्यात आठवड्याभरात फसफसतो; फार आटवलेला गार झाल्यावर चिक्कीसारखा ओढावा लागतो. एका वेळी 2 किलोपेक्षा जास्त फळ घेऊ नका, उकळी लांबते आणि लाल रंग तपकिरी होतो.

मोठा घाणा करायचा असेल, किंवा संध्याकाळी स्वस्तात मऊ माल मिळाला असेल, तर अख्खं शिजवून चाळणंच परवडेल. तेव्हा चाळणीवर उरलेल्या सालींतली मूठभर बारीक चिरून गरात परत टाका.