बंद पडलेला मॅसी १०३५ पुन्हा चालू केला: खरीप-रब्बी वापरल्यानंतरचा अनुभव

आमचा मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर सात-आठ वर्षं गोठ्यामागं उभा होता. भंगारवाले भाव सांगून जायचे. गेल्या उन्हाळ्यात तो उघडला, मृगाच्या आधी सुरू केला. सोयाबीनची पेरणी, तुरीतली कोळपणी, हरभरा आणि ट्रॉलीची वाहतूक एवढी कामं त्याच्याकडून करून घेतल्यावर हे लिहितोय. गाव सेलू तालुक्यात, जमीन निम्मी भारी काळी, निम्मी मुरमाड. दारात असा ट्रॅक्टर उभा असेल तर विकायच्या आधी एकदा हे वाचा.

उभ्या ट्रॅक्टरला सगळ्यात जास्त पाणी खातं. डिझेलच्या टाकीत साचलेलं, रेडिएटरमध्ये राहिलेलं बोअरचं, आणि गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पोटात उतरलेलं पावसाचं. आमचा बहुतेक खर्च या तीन पाण्यांपायी झाला. इंजिन त्यामानानं स्वस्तात सुटलं.

बॅटरी लावून थेट सेल्फ (स्टार्टर) मारायचा मोह प्रत्येकाला होतो. आमच्या मिस्त्री चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सेल्फला हात लावायचा नाही. आधी हातानं फिरवू, फिरलं तर पुढचं बोलू." इंजिनात डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढले, भोकांतून थोडं थोडं डिझेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावला. आधी इंजिन जागचं हललं नाही. चाचा जोर न लावता पाना पुढं-मागं डोलवत राहिले, आणि हळूहळू पिस्टन सुटले. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या लायनरला गंजानं धरलेल्या असताना सेल्फ मारला असता तर रिंग तुटून लायनरला रेघ पडली असती आणि थेट हाफ इंजिनचं (पिस्टन, रिंगा, लायनर बदलायचं) काम निघालं असतं.

टाकीच्या तळाशी पाणी आणि लाल गंजाचा गाळ होता. टाकी उतरवून धुतली, दोन्ही फिल्टर नवे टाकले. डिझेलचा पंप आणि नोझल पंपवाल्याकडं टेस्ट बेंचवर लावून घेतले. इथं पैसे वाचवू नका, कारण पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं, पाणी गेलं की ते अडकतात. हवा काढताना क्रम पाळा: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी सेल्फ मारत नोझलचे नट सैल करायचे आणि बुडबुडे थांबले की आवळायचे.

पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस हातात फळी घेऊन एअर क्लीनरच्या तोंडाशी उभा करा. पंपातला गव्हर्नर अडकला असेल तर इंजिन एकदम रेस होतं, स्टॉप ओढूनही थांबत नाही. हवा कोंडली तरच बंद पडतं. आमच्याकडं तशी वेळ आली नाही, पण फळी तयार होती. सुरू झाल्यावर आधी भरपूर पांढरा धूर आला, गरम झाल्यावर तो गेला. निळा धूर टिकून राहिला असता तर ऑइल जळतंय असं समजून रिंगा टाकाव्या लागल्या असत्या.

आता मागचं अवजार उचलणारी लिफ्ट. सगळ्यात जास्त वेळ हिनं खाल्ला, आणि आज सगळ्यात जास्त समाधानही हीच देते. या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप मागच्या हाउसिंगच्या पोटात असतो, गिअरचं आणि लिफ्टचं ऑइल एकच. झाकण उघडलं तर ऑइल चहासारखं दुधाळ निघालं. ते काढून डिझेलनं दोनदा धुतलं, जाळी साफ केली, तरी लिफ्ट उचलेना. चाचांनी बाजूचं झाकण काढून आतला कंट्रोल व्हॉल्व्ह दाखवला, तो गंजानं जाम झाला होता. चालत्या ट्रॅक्टरमध्ये हा व्हॉल्व्ह सतत सूक्ष्म हलत राहतो म्हणून मोकळा असतो, वर्षानुवर्षं उभा राहिला की धरतो. बोटानं सहज सरकायला लागेपर्यंत तो साफ केला, रबरी सील बदलले आणि नांगर वर आला. नव्या माणसासाठी आणखी एक गोष्ट: लिफ्टचा पंप पीटीओच्या (मागून अवजाराला ताकद देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो, त्यामुळं पीटीओचा लिव्हर टाकल्याशिवाय लिफ्ट उचलतच नाही. हे माहीत नसल्यामुळं चांगली लिफ्ट खोलणारे मेकॅनिक मी पाहिलेत.

वापरात काय कळलं? चार ओळींचं बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्र काळ्या रानात व्यवस्थित ओढलं. पेरणीला तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल लागलं. ड्राफ्ट कंट्रोलचा (ओढ वाढली की अवजार आपोआप उचलणाऱ्या सोयीचा) फायदा आमच्या मिश्र जमिनीत फार जाणवतो: मुरमाचा पट्टा लागला की टॉप लिंकवर (अवजाराच्या वरच्या दांड्यावर) दाब वाढतो, लिफ्ट अवजार थोडं उचलते, चाक जागेवर घसरत नाही, आणि काळी लागली की पुन्हा खाली सोडते. वखरणी, पेरणी, फवारणी, ट्रॉली यांसाठी मला याच्यापेक्षा काही नको. रोटावेटर आणि उन्हाळ्यातली खोल पल्टी नांगरट मात्र मी भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनं करून घेतो. भारी रानात ३६ एचपीचा दम निघतो, आणि नव्यानं उभ्या केलेल्या इंजिनावर तेवढा ताण घालायची माझी इच्छा नाही.

रेडिएटर क्षारानं भरला होता. तो उघडून साफ केला आणि आता फक्त कूलंट भरतो, बोअरचं पाणी एक मगही नाही. भर ऑक्टोबरच्या उन्हात काटा वर चढला नाही. ऑइल बाथ एअर क्लीनरचं ऑइल मळणीच्या दिवसांत रोज बघावं लागतं, सोयाबीनचा भुसा वाईट. पहिलं इंजिन ऑइल पन्नास तासांत बदललं. एका दुकानातून आणलेला क्रँकचा सील महिन्यातच गळायला लागला, दुसरीकडून ओरिजिनल घेतल्यावर थांबला. सुटे भाग मात्र परभणी-जालन्यात सहज मिळतात, यालाच मी मोठा फायदा मानतो.

टायर सोडून खर्च लाखाच्या आत बसला. मागचे १२.४-२८ अजून जुनेच आहेत, पुढच्या हंगामाआधी बदलावे लागतील. स्टिअरिंगला खेळ आहे, क्लच जड आहे, ट्रॉली घेऊन रात्री रस्त्यावर जाण्याइतके दिवे नाहीत. नोंदणीची १५ वर्षं कधीच संपली होती, आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलं. नूतनीकरण आणि विमा असल्याशिवाय बाजारात ट्रॉली नेऊ नका.

कुणाच्या ट्रॅक्टरचा ब्लॉक किंवा मागचं हाउसिंग तडकलेलं असेल तर मी हा खर्च करा म्हणणार नाही. बाकी कोणत्याही अवस्थेत असला तरी आधी नोझल काढा, डिझेल सोडा आणि पाना लावून बघा.