राहण्यासाठी शेड: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव, परवान्यांसह

१२ फूट रुंद आणि ३२ फूट लांब, म्हणजे ३८४ चौरस फुटांच्या, लाकडी सांगाड्याच्या व पत्र्याच्या छपराच्या तयार शेडमध्ये आम्ही दोघे गेले १४ महिने राहत आहोत. शेड जागेवर येऊन मात्र २१ महिने झाले. मधले सात महिने परवान्यांत, फेरबदलांत आणि एकदा बांधलेले पुन्हा उघडण्यात गेले. शेड राहायला चांगली आहे, हे मी आधीच सांगतो. पण ज्या क्रमाने आम्ही कामे केली तो क्रम चुकीचा होता, आणि हे लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

विक्रेत्याने आम्हाला सांगितले होते की शेडला परवाना लागत नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणच्या नियमांचा आधार असलेल्या ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ या नमुना संहितेत २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली, स्वतंत्र उपइमारतीला (मुख्य घराला पूरक अशा लहान इमारतीला) बांधकाम परवान्यातून सूट आहे, आणि त्या सूटीचीच ही ऐकीव आवृत्ती असावी. ती आम्हाला दोन कारणांनी लागू नव्हती. एक तर आमची शेड त्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होती. दुसरे अधिक महत्त्वाचे: ही सूट अवजारे आणि सामान ठेवण्यासारख्या पूरक वापरासाठी आहे, माणसांच्या मुक्कामासाठी नाही. शिवाय परवाना लागत नाही याचा अर्थ नियम लागू नाहीत असा होत नाही. सूट मिळालेल्या बांधकामालाही हद्दीपासूनचे अंतर पाळावे लागते, आणि विजेचे व पाण्याचे परवाने वेगळे घ्यावे लागतात. ज्या दिवशी शेडमध्ये कायमचे अंथरूण पडते, त्या दिवसापासून कागदावर ती घर असते, आणि घराला लागणारी प्रत्येक अट तिला लागते.

म्हणून पहिला प्रश्न शेडचा नाहीच, जमिनीचा आहे. त्या भूखंडावर निवास चालतो का, चालत असल्यास हे तिथले पहिले घर ठरेल की मूळ घराला जोडून असलेले दुसरे, आणि घराचे किमान क्षेत्रफळ किती असावे अशी काही अट आहे का, या तिन्हींची लेखी उत्तरे शेड निवडण्यापूर्वी हातात हवीत. काही ठिकाणी लहान घर केवळ लहान आहे म्हणून नाकारले जाते. आम्ही हे विचारले, पण शेड आल्यानंतर. उपइमारतीच्या नियमानुसार ती हद्दीपासून ५ फुटांवर ठेवली होती. राहत्या घरासाठी सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळे सोडायचे अंतर, त्याच्या दुप्पट निघाले. शेड खालच्या ओंडक्यांवर नुसती टेकवलेली असल्याने सरकवता आली, एवढेच नशीब. मात्र खालची खडीची बैठक वाया गेली आणि नवीन जागी पाया पुन्हा करावा लागला.

त्या नव्या पायाबद्दल आज तक्रार नाही. सामानाची शेड खडीवर नुसती ठेवली तरी चालते, पण हलक्या इमारतीला वारा बाजूने ढकलतो तसा छपराकडून वरही ओढतो, आणि राहत्या घराला ते बळ जमिनीपर्यंत पोचवणारी जोडणी लागते. आता काँक्रीटचे खांब, त्यात रुतवलेले अँकर बोल्ट आणि छपराच्या तुळयांपासून भिंतीपर्यंत धातूच्या पट्ट्या आहेत. जोराच्या वाऱ्याच्या रात्री आधी तळाशी जी करकर ऐकू येत असे, ती थांबली आहे.

शेड विकत घेताना आणखी एक कागद मागायला हवा होता: रचनेचा आराखडा, छपराचे व शेडच्या आतल्या जमिनीचे भार हिशोबात धरलेला, अधिकृत अभियंत्याच्या सहीचा. सामान ठेवण्यासाठी बनवलेल्या शेडचे वासे लांब अंतरावर असू शकतात, आणि आतून छत, उष्णतारोधक थर व भिंतीवरच्या फळ्या बसवल्यावर त्यांवरचा भार वाढतो. आमच्याकडे आराखडा नव्हता. नंतर अभियंत्याने येऊन प्रत्येक जोड मोजला, दोन ठिकाणी जादा लाकूड घालायला सांगितले, आणि मगच अर्ज पुढे सरकला. जो विक्रेता हा आराखडा देऊ शकत नाही, त्याची शेड राहण्यासाठी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत महागडी चूक भिंतींची. वायरिंग आणि पाण्याचे पाइप टाकून झाल्यावर, आतल्या फळ्या लावण्यापूर्वी तपासणी व्हावी लागते, कारण झाकलेली वायर कोणालाही तपासता येत नाही. आम्ही उत्साहाच्या भरात उष्णतारोधक थर भरून फळ्या ठोकल्या आणि रंगही दिला. तपासनीस आले, त्यांनी शांतपणे भिंतीकडे पाहिले आणि उघडायला सांगितले. मला त्या दिवशी फार राग आला होता. उघडल्यावर एका जागी वायरवर खिळा बसलेला आढळला, तो आम्हीच फळी लावताना मारलेला होता. त्या भिंतीला लागूनच आमचा पलंग आहे.

निवासाच्या अटींपैकी खिडकीच्या अटीवर मी सर्वांत जास्त कुरकुर केली आणि आज सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो. वरील संहितेनुसार झोपण्याच्या खोलीत आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते: उघडल्यावर किमान ५.७ चौरस फूट मोकळी जागा (बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर असल्यास ५), रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, आणि तळकड, म्हणजे उघडणाऱ्या भागाची खालची कड, खोलीच्या आतल्या जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नाही. येथे एक गफलत सहज होते. नुसती किमान रुंदी आणि किमान उंची धरली तर क्षेत्रफळ साडेतीन चौरस फूटही भरत नाही. म्हणजे दोन्हींपैकी एक माप बरेच वाढवावे लागते. शेडबरोबर आलेली खिडकी मापात बसत नव्हती. नवीन मोठी खिडकी बसवल्यापासून खोलीत सकाळचा उजेड येतो आणि हवा खेळती राहते. धूर ओळखणारा गजर झोपण्याच्या खोलीत आणि तिच्या बाहेरही बसवावा लागला, तो योग्यच आहे.

उंचीबद्दल संहितेत राहत्या खोलीला ७ फूट सांगितले आहेत. ४०० चौरस फुटांपर्यंतच्या लहान घरांसाठी २०१८ च्या आवृत्तीत जे परिशिष्ट आले, त्यात ही उंची ६ फूट ८ इंच आणि न्हाणीघर व स्वयंपाकघरासाठी ६ फूट ४ इंच चालते. मात्र स्थानिक प्रशासनाने ते परिशिष्ट स्वीकारलेले असेल तरच. आमच्या छताचा थर वाढवल्यावर एका बाजूला उंची मर्यादेपेक्षा अगदी बोटभरच जास्त उरली. थर ठरवण्यापूर्वी हे मोजावे.

ओलाव्याविषयी कोणताही अर्ज पुरेसे बोलत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. श्वास, स्वयंपाक आणि आंघोळ यांतून दोन माणसे रोज काही लिटर पाणी हवेत सोडतात, आणि लहान जागेत ते पसरायला वाव नसतो. थंड पत्र्याला ही उबदार, दमट हवा भिडली की दव धरते आणि छतातून पाणी ठिबकते. पहिल्या थंडीत आम्हाला छप्पर गळते असेच वाटले होते. इलाज तीन निघाले. पत्र्याखाली हवा वाहील अशी पोकळी, न्हाणीघराच्या पंख्याची हवा पोटमाळ्यात न सोडता थेट बाहेर, आणि बाष्परोधक (दमट हवा अडवणारा) पडदा योग्य बाजूला. थंड हवामानात तो उष्णतारोधक थराच्या आतल्या, उबदार बाजूस लावतात. उष्ण व दमट हवामानात आतून लावलेला पडदा ओल कोंडून ठेवतो. दुसऱ्या थंडीत छत कोरडे राहिले.

सांडपाण्याचे काम लवकर सुरू करावे, कारण जमीन पाणी किती वेगाने शोषते याच्या चाचणीवर शोषक्षेत्राचा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवण्याच्या जागेचा, आकार ठरतो, आणि विहिरीपासूनचे अंतर पाळताना शेडची जागाच बदलावी लागू शकते. कंपोस्ट शौचालय घेतले की हा प्रश्न सुटतो असे आम्ही धरून चाललो होतो. तो सुटत नाही. भांड्यांचे आणि आंघोळीचे पाणी उरतेच.

विम्यासाठी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा प्रशासनाचा दाखला) मागितले गेले. त्याआधी विमा कंपनी या बांधकामाला केवळ उपइमारत समजत होती आणि आतल्या वस्तूंना पूर्ण संरक्षण देत नव्हती. घराला स्वतंत्र क्रमांकही मागून घ्यावा. रुग्णवाहिकेला मागच्या बाजूची शेड सापडायला हवी.

आता पुढच्या बाजूला व्हरांडा हवा आहे. तो हद्दीच्या अंतरात मोजला जातो की नाही हे विचारणारा अर्ज, आराखड्यासह, गेल्या महिन्यात दिला आहे, आणि लेखी उत्तर येईपर्यंत त्याचे लाकूड आणायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.