फोर्ड मॉडेल टी टूरिंग (1925): जाहिरातीतले 290 डॉलर आणि प्रत्यक्षातली गाडी

आयोवा, कॅन्ससकडच्या लहान गावांतल्या साप्ताहिकांचे 1925 चे अंक चाळले की फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या जाहिरातीची चौकट हमखास दिसते. शेजारी चर्चमधल्या जेवणाची सूचना, खाली कुणाच्या शेतावरच्या लिलावाची यादी. चौकटीत भाव दिलेले असतात: रनअबाउट (दोन जणांची उघडी गाडी) 260 डॉलर, टूरिंग (मागे सीट असलेली उघडी) 290, कूप (दोन जणांची बंद) 520, टुडर (दोन दारांची बंद) 580, फोरडोर (चार दारांची बंद) 660. त्याखालच्या बारीक ओळी आधी वाचाव्या. भाव डेट्रॉइटचा, तिथून पुढचं रेल्वेभाडं गिऱ्हाइकाच्या माथी. उघड्या गाडीला सेल्फ स्टार्टर आणि सुटे होणारे रिम हवे असतील तर 85 डॉलर जादा. बलून टायर (कमी दाबाचे, जाड टायर) घेतले तर आणखी 25. म्हणजे 290 ची टूरिंग भाडं धरण्याआधीच 400 वर पोचते.

यातले बलून टायर सोडून दिले तरी चालेल, पण ते 85 डॉलर वाचवू नयेत. सुटा रिम नसेल तर पंक्चर झाल्यावर चाक गाडीवरच ठेवून, रस्त्याच्या कडेला बसून, टायर उपसून काढावा लागतो. टायरही साधे नव्हेत. 30 बाय साडेतीन इंची क्लिंचर टायर निव्वळ हवेच्या दाबावर रिमला धरून असतो. दाब 55 ते 60 पौंड लागतो, आणि तो कमी पडला तर वळणावर टायर रिम सोडतो.

पैसे भरायची फोर्डची सोय मात्र गैरसोयीची होती. 1923 मध्ये निघालेल्या साप्ताहिक योजनेत आठवड्याला 5 डॉलर साठवत जायचे आणि पूर्ण रक्कम जमली की गाडी मिळायची. जनरल मोटर्सने 1919 पासूनच उधारीची कंपनी काढली होती. तिथे गाडी आधी, हप्ते नंतर. गिऱ्हाईक कुठे वळणार हे उघड होतं.

आता गाडीकडे येऊ. चार सिलिंडर, 2.9 लिटर, 20 अश्वशक्ती. ताशी 50 ते 55 किलोमीटरला ती खुशीत चालते. त्यापुढे रेटू नये. पाण्याचा पंप नाही, पेट्रोलचा पंप नाही. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं आणि रेडिएटरमधून निवून खाली येतं, म्हणून रेडिएटर काठोकाठ हवा. पातळी थोडी उतरली तरी पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन उकळायला लागतं. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे. काटा नाही. गादी उचलायची, झाकण फिरवायचं, लाकडी पट्टी बुडवायची आणि किती ओली झाली ते पाहायचं. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे उतरतं ते केवळ उतारामुळे, त्यामुळे टाकीत थोडंच असताना मोठा चढ लागला तर इंजिन उपाशी पडतं. तेव्हा गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढवतात. शिवाय रिव्हर्सचा गिअर लो गिअरपेक्षाही (सर्वांत सावकाश पुढे नेणारा) जड ओढणारा असल्याने ही युक्ती दोन्ही अंगांनी कामाला येते.

तीन पेडल आहेत आणि नवा माणूस फसतो तो इथेच. डावं पेडल पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, आणि हाताचा दांडा पुढे असताना पाय उचलला की हाय. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. अॅक्सिलरेटर पायात नाहीच; स्टिअरिंगखाली उजव्या हाताला त्याचा दांडा, डाव्या हाताला स्पार्कचा, म्हणजे ठिणगी लवकर की उशिरा पडावी हे ठरवणारा. आजच्या सवयीने घाबरून डावा पाय क्लच समजून खाली दाबलात तर गाडी थांबत नाही, लोमध्ये पुढे रेटते. पहिले दोन तास मोकळ्या मैदानातच काढावेत.

सेल्फ स्टार्टर नसेल तर इंजिन पुढून हँडल मारून सुरू करावं लागतं, आणि त्याची पद्धत एकच आहे. हाताचा दांडा पूर्ण मागे ओढायचा, म्हणजे न्यूट्रलही होतं आणि मागची चाकंही धरली जातात. स्पार्कचा दांडा पार वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. अॅक्सिलरेटर तीन-चार खाचा खाली. रेडिएटरजवळची चोकची तार ओढून, स्विच बंद ठेवून, दोन-तीन पाव फेरे. मग स्विच चालू करून डाव्या हाताने हँडल वर ओढायचं, खाली कधी दाबायचं नाही, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. स्पार्कचा दांडा खाली राहून ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटी लाथ मारतं आणि मनगट मोडतं. वर जे 85 डॉलर सांगितले ते मुख्यतः यासाठी.

थंडीत आणखी एक भानगड होते. क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात; तेल घट्ट झालं की त्या एकमेकींना सोडत नाहीत, आणि इंजिन सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर सरकते. पुढच्या दोन चाकांना दगड लावायचे, मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, हाताचा दांडा पुढे टाकायचा आणि मगच हँडल मारायचं.

गिअरबॉक्समध्ये तीन पट्टे आहेत, लो, रिव्हर्स आणि ब्रेकचा. प्रत्येकाला सुती लायनिंग असतं. ते झिजलं की पेडल फळीला टेकतं तरी गाडी धड ओढत नाही की धड थांबत नाही. लोचा पट्टा बाहेरच्या स्क्रूने आवळता येतो. बाकीच्या दोघांसाठी वरचं झाकण उघडावं लागतं, आणि तेव्हा आत आधी फडकं कोंबावं. एक नट निसटून आत पडला तर तो फ्लायव्हीलवरच्या लोहचुंबकांपर्यंत जाऊन मोठी मोडतोड करतो. पट्टे फार आवळले तर न्यूट्रलमध्येही घासून तापतात. आणि सुताचे झडलेले धागे तेलात उतरतात, पुढे तेल नेणाऱ्या बारीक नळीत अडकतात, आणि अखेर इंजिनाचं पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. म्हणून लायनिंग बदललं की नळीत तारेने किंवा हवेने सफाई करायचीच.

तेल मोजायला पट्टी नाही. फ्लायव्हीलच्या झाकणाला मागे खालीवर दोन तोट्या आहेत. वरची उघडल्यावर थेंब आला तर तेल भरलेलं. खालचीतून थेंब नाही आला तर इंजिन चालवायचं नाही. त्यासाठी गाडीखाली आडवं व्हावं लागतं, म्हणून तोटी लांबून फिरवायच्या सळ्या त्या काळी दुकानांत विकायला असत. सळी जरूर घ्यावी. जे काम अवघड असतं ते टळतं, आणि या गाडीत टळून चालणारं हे काम नाही.

ब्रेकबद्दल स्पष्ट लिहायला हवं. पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्समध्ये आहे. त्याची पकड गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या फिरत्या शाफ्टमधून आणि मागच्या अॅक्सलमधून चाकांपर्यंत पोचते. अॅक्सलमध्ये बॅबिट नावाच्या मऊ धातूच्या थ्रस्ट वॉशर (गिअरचा आडवा दाब पेलणाऱ्या चकत्या) असतात. वर्षं लोटली की त्या भुसभुशीत होऊन चुरतात, क्राउन हा मोठा गिअर पिनियन या लहान गिअरपासून सरकतो, दात सुटतात, आणि त्या क्षणी गाडीला पायाचा ब्रेक उरतच नाही. हाताचा ब्रेक मागच्या ड्रममध्ये लोखंडावर लोखंड घासणारा. उभी गाडी धरायला ठीक, उतारावर थांबवायला अपुरा. कासेच्या वॉशर बसवल्या की ही भीती जाते. रकस्टेल या कंपनीचा, बाहेरून घेऊन बसवायचा दोन गतींचा अॅक्सल लावला असेल तर मागच्या चाकांवर वेगळे ब्रेक हवेतच, कारण त्याचा गिअर मध्येच अडकला तर तीच गत होते.

चाकांचे आरे लाकडी आहेत. कोरड्या हवेत ते आकसतात आणि गाडी सावकाश हाकताना करकर ऐकू येते. चाक दोन हातांनी धरून आडवं हलवावं. आरा मुळाशी हलला तर ते चाक वापरू नये. पाण्यात भिजवून फुगवणं हा चार दिवसांचा उपाय.

माल वाहायला 1925 च्या एप्रिलपासून कारखान्यातूनच 281 डॉलरला पिकअप मिळू लागली. गावच्या किराणा दुकानदाराला ती पुरेशी होती; एक टन माल असेल तर टीटी हा फोर्डचाच ट्रक, पण तो फारच सावकाश.

आपल्याकडे आलेल्या टी वेगळ्या. ब्रिटन-आयर्लंड सोडून ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांत विकायचा हक्क फोर्डच्या कॅनडा कंपनीकडे होता, तेव्हा मुंबईच्या बंदरात उतरल्या त्या ऑन्टॅरिओत बनलेल्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या. 1926 मध्ये मुंबईत फोर्डची भारतीय कंपनीही निघाली. अमेरिकन टूरिंगला 1925 पर्यंत पुढचं डावं दार नुसतं पत्र्यावर कोरलेलं होतं, ड्रायव्हर उजवीकडून सरकत आत जायचा. कॅनडाच्या गाडीला पुढे दोन्ही बाजूंना खरी दारं आहेत. अशी गाडी पाहायला गेलात तर आधी हेच बघा. गाडी कुठली ते कळतं.

सुटे भाग आजही नवे बनतात, त्यामुळे इंजिन बंद पडलंय म्हणून सौदा सोडू नका. मागचा अॅक्सल कधी उघडला होता आणि वॉशर कशाच्या आहेत, हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर अॅक्सल उघडून पाहीपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.