रहिवाशांना आधी संधी : शहराच्या उन्हाळी शिबिरांची नवी नोंदणी पद्धत, सात महिन्यांच्या वापरानंतर

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेकडील एका मध्यम आकाराच्या शहरात आम्ही सहा वर्षांपासून भाड्याने राहत आहोत. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेपाच वर्षांचा, आम्ही दोघेही नोकरी करणारे, आणि शाळा जूनच्या सुरुवातीला बंद होऊन ऑगस्टच्या मध्याला उघडणारी. मधल्या दहा आठवड्यांत मुलांना कोठे ठेवायचे हा प्रश्न इथल्या बहुतेक घरांत जानेवारीतच सुरू होतो. आजी-आजोबा दर वर्षी येऊ शकत नाहीत, आणि खासगी शिबिरांचे आठवड्याचे शुल्क दोन मुलांसाठी भरायचे म्हटले तर एकाचा पगार जवळजवळ त्यातच जातो. त्यामुळे शहराचा उद्यान विभाग, ज्याला इथे सगळे नुसते ‘रेक’ (‘रिक्रिएशन’चे लघुरूप) म्हणतात, तो जी दिवसभराची शिबिरे घेतो, त्यांच्यावर सगळ्यांच्या उड्या पडतात.

गेल्या वर्षीपर्यंत ही नोंदणी सर्वांसाठी एकाच दिवशी, एकाच वेळी उघडत असे. शहराबाहेरच्यांना शुल्क थोडे अधिक होते, पण तो फरक पाहून कोणी मागे फिरत नव्हते. गेल्या वर्षी सकाळी नऊला उघडलेली पोहण्याची आणि निसर्गभ्रमणाची शिबिरे नऊ वाजून सहा मिनिटांनी भरली होती आणि आमच्या वाट्याला दोन आठवडे आले होते. यंदा शहराने पद्धत बदलली. आधी पत्त्याची पडताळणी, मग रहिवाशांसाठी आठवडाभराची राखीव मुदत, आणि उरलेल्या जागा त्यानंतर बाहेरच्यांसाठी, असा तो क्रम आहे. जानेवारीपासून आजपर्यंत मी ही व्यवस्था सतत वापरली आहे, म्हणून लिहिते आहे.

आधी पडताळणीविषयी, कारण माझ्या मते न्याय-अन्यायाचा निकाल येथेच लागतो, नोंदणीच्या दिवशी नव्हे. कुटुंबाचे खाते उघडून त्यावर पत्त्याचा पुरावा चढवायचा, कर्मचारी तो तपासणार आणि मग खात्यापुढे ‘रहिवासी’ असा शिक्का दिसणार. पुरावा म्हणून मालमत्ता कराची पावती किंवा गेल्या साठ दिवसांतील वीज वा पाण्याचे बिल एवढेच यादीत होते. स्वतःचे घर असणाऱ्याला यात काहीच अडचण नाही. आमच्या इमारतीत पाण्याचे पैसे भाड्यातच धरलेले आहेत आणि विजेचे बिल नवऱ्याच्या नावावर येते. खाते मात्र मी माझ्या नावाने उघडले होते. अर्ज परत आला. भाडेकरार पाठवला, तोही परत आला. शेवटी विभागाच्या केंद्रावर जाऊन खिडकीशी असलेल्या बाईंना करार आणि दोघांची ओळखपत्रे दाखवली, तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत शिक्का दिला, आणि करार चालतो, फक्त यादीत लिहायचे राहून गेले आहे, असे सहजपणे सांगितले. माझ्यापाशी अर्धा दिवस सुटी घेण्याची सोय होती, म्हणून हे जमले. आमच्या ओळखीचे एक कुटुंब नुकतेच नागपूरहून आले आहे. ते दुसऱ्या एका कुटुंबासोबत घर वाटून राहते आणि त्यांच्या नावावर ना करार आहे, ना बिल. ते शहरातच राहतात, त्यांचा मुलगा शहरातल्याच शाळेत जातो, तरी नोंदणीच्या दृष्टीने ते बाहेरचेच ठरले. याउलट, शेजारच्या गावात राहून इथल्या मावशीचा पत्ता वापरणारे कोणी असेल, तर बिल हाती असल्यामुळे त्याला काहीच अडचण येणार नाही.

हद्दीचा घोळ या भागात आणखीच गुंतागुंतीचा आहे, कारण शाळांचे जिल्हे आणि शहरांच्या सीमा जुळत नाहीत. क्युपर्टिनोच्या नावाचा शालेय जिल्हा सॅन होजे, सनीवेल, सॅराटोगा अशा शेजारच्या शहरांच्या काही भागांतही पसरलेला आहे. अशा ठिकाणी वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांपैकी एक रहिवासी आणि दुसरे परके ठरू शकते. माझ्या मुलीची सर्वांत जवळची मैत्रीण रस्त्यापलीकडे राहते आणि तो रस्ताच शहराची सीमा आहे. दोघींना एका शिबिरात घालण्याचा आमचा बेत यंदा त्या रस्त्यामुळेच फसला. तरीही मी याला अन्याय म्हणणार नाही. कुंपण कोठेतरी घालावेच लागते, आणि ज्या मैदानांची व तलावांची निगा शहराच्या तिजोरीतून राखली जाते, तेथे शहरवासीयांना आधी संधी मिळणे मला रास्त वाटते. भाडेकरू कर भरत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी घरमालक भाडे ठरवताना कशाकशाचा हिशेब धरतो, तेही पाहावे.

मात्र ‘आधी’ आणि ‘फक्त’ यांत मोठे अंतर आहे, आणि त्याचा धडा याच परिसरात आहे. पालो अल्टो शहराने 1959 साली डोंगराळ जमीन घेऊन तेथे आज सुमारे 1,400 एकरांचे असलेले फूटहिल्स पार्क उभारले आणि पुढे अनेक दशके ते फक्त आपल्या रहिवाशांसाठी व त्यांच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवले. शहराची बाजू अशी होती की जमीन घेताना शेजारच्या शहरांनी खर्चाचा वाटा उचलला नव्हता. दुसरी बाजू अशी की त्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांना तेथे घर घेणे भेदभावामुळे अवघड होते, त्यामुळे ‘फक्त रहिवासी’ या दोन शब्दांत तो भेदही जपला गेला. 2020 मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते उद्यान सर्वांना खुले झाले. आमच्या शहराने बाहेरच्यांना दार बंद केले नाही, आठवडाभर थांबवले, हे मला म्हणूनच योग्य वाटते. फक्त त्या आठवड्यानंतर उरते काय, हा प्रश्न आहे. यंदा सकाळच्या चित्रकलेच्या दोन तुकड्या आणि शेवटच्या आठवड्यातील काही जागा उरल्या होत्या.

आता नोंदणीचा दिवस. फेब्रुवारीतील एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता. पावणेनऊपासून संकेतस्थळ सर्वांना एका प्रतीक्षालयात घेते आणि नऊच्या ठोक्याला रांगेतले क्रमांक यादृच्छिकपणे वाटते, म्हणजे पहाटेपासून बसलेल्याला वेगळा लाभ नाही. ही सुधारणा मला मनापासून आवडली. तात्काळ तिकिटासाठी दहाच्या आधी हात कीबोर्डवर ठेवून बसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना तिचे मोल कळेल. पण माझा क्रमांक सहाशेच्या पुढचा आला आणि नवऱ्याने त्याच्या कार्यालयातून दुसऱ्या यंत्रावर घेतलेला क्रमांक शंभराच्या आतला. खाते कुटुंबाचे एकच असले, तरी रांगेत किती यंत्रे लावावीत याला बंधन नव्हते. म्हणजे जे कुटुंब चार यंत्रे लावते, त्याला चार चिठ्ठ्या आणि बसचालक असलेल्या एकट्या आईला, जी त्या वेळी स्टिअरिंगवर असते, एकही नाही. आम्ही नवऱ्याच्या क्रमांकाचा फायदा घेतला, हे कबूल करते. सहा आठवडे मिळाले, आणि आनंदाबरोबर थोडी लाजही वाटली.

या अडचणीवरचा उपाय मराठी माणसाला नवीन नाही. म्हाडाच्या घरांसाठी किंवा आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी लोक ठरावीक मुदतीत, आपापल्या सवडीने अर्ज भरतात आणि मग सोडत निघते. त्या पद्धतींवरही तक्रारी होतात, पण मंगळवारी सकाळी नऊला कोण मोकळे आहे यावर तेथे काही ठरत नाही. इथेही उदाहरण आहे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाजवळ सॅन फ्रान्सिस्को शहराचे कॅम्प मेदर नावाचे कौटुंबिक शिबिर आहे, ‘हेच हेची’ नावाच्या खोऱ्यातील धरण बांधणाऱ्या कामगारांच्या जुन्या वस्तीच्या जागेवर. तेथील उन्हाळ्यातल्या जागा सोडतीने दिल्या जातात आणि त्यात शहराच्या रहिवाशांना प्राधान्य असते. एवढी मागणी असलेल्या ठिकाणी हे चालते, तर आठवड्याच्या शिबिरांना का चालू नये, हे मला समजलेले नाही. सोडतीत आठवडे पसंतीक्रमाने मागता येतील आणि भावंडांना एकत्र धरता येईल. यंदा मुलाला जागा मिळाली आणि मुलीला नाही, असे दोन आठवडे आमच्या वाट्याला आले, तेही त्यामुळे टळले असते.

शुल्क आणि पावत्यांबद्दल फारशी तक्रार नाही. पैसे भरताना पंधरा मिनिटे जागा राखून ठेवली जाते, एवढा वेळ पुरतो. पावतीवर प्रत्येक मुलाचे नाव, आठवडा आणि विभागाचा करक्रमांक स्पष्ट छापलेला असतो, ही मोठी सोय आहे, कारण तेरा वर्षांखालील मुलांच्या दिवसभराच्या शिबिराचा खर्च नोकरीसाठी करावा लागला असेल, तर तो केंद्रीय करात बालसंगोपन म्हणून दाखवता येतो. रात्रीच्या मुक्कामाच्या शिबिराला मात्र ही सवलत नाही, आणि हे अनेकांना एप्रिलमध्ये, कर विवरणपत्र भरतानाच कळते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शुल्कात सूट आहे. तिचा अर्ज मात्र मंजूर होईपर्यंत नोंदणीच करता येत नाही आणि मंजुरीला तीन आठवडे लागतात. ज्यांच्यासाठी सूट आहे, तेच यामुळे रांगेत मागे पडतात. शुल्काचा हिशेब नंतर करता आला असता, जागा आधी धरून ठेवायला हवी होती.

सर्वांत खटकणारी गोष्ट प्रतीक्षा यादी. जागा रद्द करण्याचे शुल्क इतके किरकोळ आहे की अनेक जण फेब्रुवारीत दिसेल त्या आठवड्याला नाव घालून ठेवतात आणि मेअखेरीस, परताव्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, नको असलेल्या जागा सोडून देतात. ज्यांना इतके आठवडे आगाऊ भरणे परवडते, त्यांनाच हे जमते. मग प्रतीक्षा यादीवरच्या कुटुंबाला मेल येतो आणि चोवीस तासांत उत्तर दिले नाही, तर जागा पुढे जाते. माझ्या मुलीसाठी नौकानयनाच्या आठवड्याचा मेल शुक्रवारी रात्री साडेअकराला आला. शनिवारी आम्ही डोंगरात होतो, तेथे फोनला रेंज नव्हती, आणि संध्याकाळी परतल्यावर पाहिले तेव्हा मुदत संपायला चार तास उरले होते, म्हणून जागा वाचली. फोनवर एसएमएस पाठवण्याची सोय खात्यात आहे, पण ती मुळात बंद असते आणि ‘पसंती’ या पानाच्या तळाशी सापडते. खाते उघडल्या दिवशीच ती सुरू करून घ्यावी.

शिबिरे स्वतः उत्तम होती, हेही सांगितले पाहिजे. मार्गदर्शक बहुतेक महाविद्यालयात जाणारी मुले होती, पण शिस्तीची आणि मायेची. मुलगा पहिल्या आठवड्यात रडत गेला आणि चौथ्या आठवड्यात परत यायला तयार नव्हता.

जुलैत विभागाने पालकांकडून अभिप्राय मागवले, तेव्हा मी चार गोष्टी लिहिल्या : भाडेकरार आणि शाळेचे पत्र पुरावा म्हणून यादीत घालावे, एका कुटुंबाला रांगेत एकच क्रमांक द्यावा, सवलतीचा अर्ज प्रलंबित असतानाही जागा धरू द्यावी, आणि निदान पोहण्याच्या व नौकानयनाच्या शिबिरांसाठी सोडत काढून पाहावी. पोच आली आहे. पहिली गोष्ट पुढच्या हंगामापासून होईल, बाकीच्या विचाराधीन आहेत, असे त्यात आहे. आम्ही पुढच्या वर्षीही येथेच नाव नोंदवणार आहोत. विजेच्या बिलावर माझेही नाव चढवून घेतले आहे, आणि त्या नागपूरच्या कुटुंबाला मुख्याध्यापकांकडून पत्त्याचे पत्र आताच मागून ठेवायला सांगितले आहे.