खोल जखमेसाठी सांगाडा निवडताना: कोलॅजन की पॉलियुरेथेन?

त्वचेचा केवळ वरचा थर गेला असेल तर केसांच्या मुळांपाशी उरलेल्या पेशींपासून तो पुन्हा तयार होतो. मात्र अंतस्त्वचा, म्हणजे त्याखालचा जाड थर, पूर्णपणे नष्ट झाली की शरीर ती नव्याने न घडवता व्रणऊतीने (वणाच्या कडक ऊतीने) जागा भरते, आणि ही ऊती आक्रसत जाऊन सांधे आखडतात. अशा जखमेत रक्तवाहिन्या आणि पेशी शिरू शकतील असा सच्छिद्र सांगाडा, म्हणजे पेशींना आधार देणारी चौकट, बसवला जातो. प्रमुख पर्याय दोन आहेत.

कोलॅजनच्या, म्हणजे त्वचेतील मुख्य प्रथिनाच्या, सांगाड्यांत सर्वांत परिचित म्हणजे शल्यचिकित्सक जॉन बर्क आणि संशोधक आयोआनिस यानास यांनी विकसित केलेला, १९८१ मध्ये प्रथम मांडलेला आणि पुढे इंटेग्रा या नावाने प्रचलित झालेला द्विस्तर. खालचा थर गायीच्या कोलॅजनचा आणि शार्कपासून मिळवलेल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या कूर्चेतील घटकाचा, तर वरचा सिलिकॉनचा असतो. साधारण दोन ते तीन आठवड्यांनी सिलिकॉन काढून त्यावर रुग्णाच्याच त्वचेचा अतिशय पातळ थर लावतात. तयार होणारी त्वचा मऊ आणि लवचीक असते, हा त्याचा खरा लाभ. मात्र रक्तवाहिन्या आत पोहोचेपर्यंत सांगाड्याला स्वतःचे संरक्षण नसते, त्यामुळे जंतू शिरले तर बहुधा तेवढा भाग काढूनच टाकावा लागतो.

दुसरा पर्याय, नोव्होसॉर्ब बीटीएम, हा पॉलियुरेथेन या कृत्रिम पॉलिमरचा, सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा फेस आहे. त्यात प्राणिज घटक नसल्यामुळे जंतूंना खाद्य मिळत नाही आणि संसर्ग झाला तरी हा फेस बऱ्याचदा न काढता निभावतो. रक्तवाहिन्या भरण्यास मात्र अधिक वेळ लागू शकतो, आणि पॉलिमर पूर्ण विरघळण्यास सुमारे दीड वर्ष जाते. दूषित जखमेत किंवा भाजलेले क्षेत्र मोठे असताना मी याकडेच झुकेन. स्वच्छ, ताज्या जखमेत, विशेषतः जिथे लवचीकतेला महत्त्व आहे तिथे, कोलॅजनचा अनुभव अधिक जुना आणि म्हणून अधिक विश्वासार्ह वाटतो.

दोन्ही मार्गांत दुसरी शस्त्रक्रिया जवळजवळ अटळ आहे, हे रुग्णाला आधीच सांगावे. ती टाळायची असेल तर कोलॅजन आणि इलास्टिन या लवचीक प्रथिनाचा, सुमारे एक मिलिमीटर जाडीचा मॅट्रिडर्म त्वचारोपणासोबत एकाच वेळी बसवता येतो. यांपैकी कोणताही पर्याय घामाच्या ग्रंथी किंवा केस परत आणत नाही.

मधुमेही पायाच्या जुनाट व्रणाचा (न भरणाऱ्या जखमेचा) प्रश्न निराळा आहे. तिथे पेशीविरहित कॉड माशाच्या त्वचेचाही विचार होतो. सस्तन प्राण्यांतील विषाणूंची भीती नसल्यामुळे तिच्यावर सौम्य प्रक्रिया पुरते आणि तिच्यातील मेदाम्ले टिकतात, मात्र माशाची ॲलर्जी असलेल्याला ती चालत नाही. तरीही पायाचा रक्तपुरवठा तपासलेला नसेल, मृत ऊती काढलेली नसेल आणि व्रणावरचा भार कमी केलेला नसेल, तर महागडा सांगाडाही व्यर्थ जातो. त्यामुळे सामग्रीची निवड या तिन्ही गोष्टींनंतरच करावी.