उभ्यानं तण उपटायचं वीड पुलर: कुठल्या मुळाला चालतं, कुठे फसतं

लांब दांडा, खाली चार नख्या, बाजूला पायानं दाबायची पट्टी. वीड पुलर म्हणजे एवढंच. जाहिरातीत मात्र ते ‘कुठलंही तण मुळासकट’ काढतं. यातला ‘कुठलंही’ सोडून द्यावा. सोटमुळाच्या तणाला हे हत्यार फार चांगलं, तंतुमुळांच्या तणाला कामचलाऊ, आणि जमिनीखाली गाठी किंवा पसरणारी खोडं असलेल्या तणाला निरुपयोगी. पाचपैकी साडेतीन गुण, तेही सोटमुळाची तणं जास्त असलेल्या बागेसाठी. घेण्याआधी बागेतल्या चार-पाच वेगवेगळ्या तणांची एकेक रोपं खुरप्यानं खणून मुळं बघावीत. लव्हाळा आणि हरळीच जास्त निघाली तर पैसे वाचवावेत.

वापर वाफसा आल्यावरच. मूठभर माती दाबली की गोळा व्हायला हवा आणि बोटानं टोचल्यावर तो फुटायला हवा. कोरड्या टणक जमिनीत नख्या पूर्ण शिरत नाहीत, वरचा पाला तेवढा हातात येतो. जोर लावला तर नख्या वाकतात. चिखलात उलटं होतं: मातीचा लगदा नख्यांत गच्च बसतो आणि रोप खाली ढकलणारी सरकती मूठ अडकते. काळ्या चिकण मातीत हा त्रास ठरलेलाच, म्हणून सोबत एक लाकडी काटकी ठेवावी.

रोपाचा बुडखा चार नख्यांच्या बरोबर मधोमध घ्यायचा. दांडा सरळ उभा धरून पट्टीवर अंगाचा भार द्यायचा, नख्या शेवटपर्यंत आत गेल्या की दांडा पट्टीच्या बाजूला हळूहळू झुकवायचा. पट्टी जमिनीवर टेकते, नख्या जवळ येऊन मूळ पकडतात, आणि मग मूळ वर यायला लागतं. सगळी मेख या झुकवण्यात आहे. झटका दिला की टचकन आवाज येतो. मूळ पाच-सहा सेंटीमीटरवर तुटलेलं असतं, आणि खाली उरलेल्या तुकड्यातून बऱ्याच बारमाही तणांना पुन्हा फूट येते. निघाल्यावर पडलेला खड्डा लगेच बुजवून पायानं दाबावा. उघड्या पडलेल्या मातीतल्या बियांना उजेड मिळाला की एका तणाच्या जागी दहा उगवतात.

गाजरगवतासाठी मात्र हे हत्यार घ्यावंच. रोप लहान असताना पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली असतात, बुडखा स्पष्ट दिसतो, सोटमूळ सरळ खाली गेलेलं असतं. नख्या अगदी नेमक्या बसतात. मुख्य म्हणजे झाडाला हात लावावा लागत नाही. त्यातल्या पार्थेनिन या रसायनामुळे अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. उपटलेलं रोप थेट पिशवीत पाडावं, हातमोजे तरीही घालावेत. पांढरी फुलं यायच्या आत काम संपलं पाहिजे, कारण फुलोऱ्यानंतर प्रत्येक झाड हजारो बिया सांडतं. काटेमाठालाही हाच हिशोब, तिथे वाचतात ती बोटं.

लव्हाळ्यात हे वापरणं म्हणजे तण पोसणं. त्याच्या गाठी जमिनीखाली साखळीसारख्या जोडलेल्या असतात. टोकाची गाठ वाढत असते तोवर मागच्या दबून राहतात. नख्यांनी साखळी तोडली की त्या सुट्या गाठींना कोंब फुटतात. बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटीमीटरमध्येच असतात, तेव्हा कुदळीनं माती उकरून त्या वेचणं हाच रस्ता. वेचलेल्या गाठी म्हणजे औषधातला मोथा, पण तणनाशक मारलेल्या जागेतल्या असतील तर औषधासाठी नकोत. हरळीची गत वेगळी नाही, तिचं प्रत्येक पेर मूळ धरतं.

पुनर्नवेसाठी उत्तर हेतूवर अवलंबून आहे. नुसती काढून टाकायची तर पुलर चालेल, दोन-तीनदा फिरवावा लागेल. औषधासाठी अख्खं मूळ हवं असेल तर नको; मूळ जाड, मांसल आणि खोल असतं, नख्या वरचा भाग तोडून आणतात. तिथे फावडं घेऊन बाजूनं खणावं. आणि खणण्याआधी फळ बघावं. पुनर्नवेचं फळ इवलंसं, पाच कंगोऱ्यांचं आणि चिकट असतं, बोटाला लागलं की सुटत नाही. तिच्यासारखीच सरपटत वाढणारी, जाडसर पानांची दुसरी झाडं पुनर्नवा म्हणून सर्रास विकली जातात. त्यांना असं चिकट फळ नसतं.

पुलरची जाहिरातीत न सांगितलेली खुबी म्हणजे एकेक रोप निवडून काढता येतं. कोळप्यात किंवा फवारणीत ही निवड उरत नाही. आघाडा काढून शेजारची एकदांडी ठेवायची असेल तर ठेवता येते. केना मात्र वाफ्यात ठेवू नये, निळं फूल कितीही देखणं असलं तरी. तो जमिनीखालीही फुलं धरून तिथेच बिया करतो आणि त्याच्या खोडाचा तुटका तुकडा ओल मिळताच रुजतो. फुलासाठी ठेवायचाच तर वेगळ्या कुंडीत. घोळ पुलरनं सहज निघते, पण काढून मातीवरच टाकली तर पुन्हा मुळं धरते.

विकत घेताना पायपट्टी बघावी. प्लास्टिकची असेल तर परत ठेवावी, पहिल्या टणक जागेत ती तडकते. दांडा पट्टीला जिथे जोडलाय तिथेच सगळा ताण येतो, तिथला सांधा नुसत्या रिव्हेटपेक्षा बोल्टचा बरा, सैल झाला तर आवळता येतो. तीन नख्यांच्या मॉडेलमधून बारीक मुळं निसटतात. दांडा कमरेच्या वर यायला हवा, नाहीतर वाकावं लागतं आणि मग खुरपं काय वाईट होतं? काम झाल्यावर नख्या धुऊन, पुसून, सरकत्या भागावर तेलाचे दोन थेंब सोडावेत. ओल्या मातीसकट ठेवलं तर तिथली स्प्रिंग गंजते आणि मूठ परत वर येत नाही.